फोटोच्या पाठीवरचं माझं अक्षर

गेल्या वर्षी पुण्याच्या एक बाई मालवणात आल्या आणि विचारत विचारत माझ्या पडवीत येऊन बसल्या. त्यांना जुने फोटो जमवायचा नाद. कुडाळच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना फोटोंचं एक जुडगं मिळालं होतं. चहा झाला, घावणे झाले, तरी बाई मुद्द्यावर येईनात. शेवटी त्यांनी ते फोटो माझ्यापुढे उलटे मांडले आणि खालच्या आवाजात विचारलं, "हे अक्षर तुमचंच ना? सगळ्या फोटोंवर एकच अक्षर आहे. बायका मात्र वेगवेगळ्या आहेत."

आतून माझी बायको हसली ते पडवीपर्यंत ऐकू आलं. मजकूर मालवणीत असल्यामुळे बाईंना तो अर्धाच कळला होता आणि त्या अर्ध्यात 'येवा, येवा' फार वेळा होतं. त्यांनी मनात माझी काय मूर्ती उभी केली असेल ती असो. अक्षर माझंच होतं. पण उत्तर देण्याआधी मी ते जुडगं घाईघाईने चाळून घेतलं, त्यात एक विशिष्ट फोटो आहे का ते बघायला. तो नव्हता. मग मी निवांत झालो आणि बाईंना सगळं सांगितलं. तेच इथे लिहितो आहे, कारण फोटोग्राफरला सगळे फोटोच्या पुढच्या बाजूबद्दल विचारतात. मागच्या बाजूबद्दल विचारणाऱ्या या पहिल्याच.

माझा स्टुडिओ मालवणच्या बाजारात होता. स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. वीज यायची होती, म्हणून कौलांत काचा बसवलेल्या. मागे राजवाड्याच्या जिन्याचं चित्र असलेला पडदा, पुढे एक नक्षीची खुर्ची, भिंतीला एक बाक. सूर्य ढगात गेला की धंदा बंद. नवरानवरी खुर्चीपाशी उभी आणि आम्ही सगळे माना वर करून ढग कधी सरकतो ते बघतोय, असं चालायचं.

नारळी पौर्णिमा झाली की आमचा हंगाम. पावसाळाभर वर ओढून ठेवलेले पडाव, म्हणजे माल नेणारी शिडाची गलबतं, पाण्यात जायचे. खलाशी जाण्याआधी त्यांच्या बायका पोरांना घेऊन फोटो काढायला यायच्या. तो फोटो नवरा मेणकापडात गुंडाळून कमरेला बांधायचा. पुढे मुंबई, वेरावळ, मंगळूर, जिथे पडाव जाईल तिथे फोटो जायचा. आणि फोटो हातात पडला की बायको तो उलटा करून माझ्यापुढे धरायची. मागे काहीतरी लिहून द्या.

लिहिता येणारे कमी, म्हणून मलाच लिहावं लागे. त्यामुळे कॅमेऱ्याशी काही संबंध नसलेली 'मास्तर' ही पदवी मला चिकटली. लिहायला जांभळी पेन्सिल, जिभेवर ओली करून लिहायची ती. टाकाची शाई त्या कागदावर फुटायची, आणि ही पेन्सिल ओल लागली की उलट गडद होते. हंगामभर माझी जीभ जांभळी. बायको म्हणायची, जांभळाचं झाड बाजारात नाही, मग हे रोज खाऊन येतात कुठून.

सांगणाऱ्या बायकांची खरी अडचण सासूची असे. सासू बाकावर बसलेली. एकीने सगळं घर शाकारण्याबद्दलच सांगितलं: कुठलं कौल फुटलं, कुठे गळतं, कोण सुतार येतो म्हणाला आणि आला नाही. मी लिहितोय. सासू पान थुंकायला बाहेर गेली मात्र, ही वाकून एका दमात म्हणाली, "आणि येवा." सासू परत येईपर्यंत ती पुन्हा कौलांवर गेली होती. दुसरी एक दरवर्षी यायची आणि दरवर्षी नवऱ्याला विडी सोडायला सांगायची. नवरा तो मजकूर पडावावर सगळ्यांना वाचून दाखवायला लावायचा आणि ऐकताना विडी ओढायचा, असं मला त्यानेच सांगितलं.

या सगळ्या मजकुरांत एक गोष्ट कधीच नसायची: नवऱ्याचं नाव. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. सुरुवातीला मी आपला शिष्टपणे वर 'राजमान्य राजेश्री अमुक यांस' असं लिहायला जायचो, तर बायका हात धरायच्या. नाव लिहून घेतलं म्हणजे तोंडाने घेतल्यासारखंच, असा त्यांचा हिशेब. आपलं नावही घालायच्या नाहीत, कारण पुढे चेहरा आहेच की. फोटो पुढून शाबूत असेपर्यंत यात काही बिघडत नव्हतं.

विठू आणि सदू हे एका वाडीतले, एकाच पडावावरचे खलाशी. दोघांची घरं इतकी जवळ की विहीर एक. विठू बारका, सदा खोकणारा. सदू अंगाने धिप्पाड. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यापर्यंत पैज लावून पोहत गेलेला आणि तसाच ओल्या अंगाने माझ्या बाकावर येऊन बसून बाक खराब केलेला. त्या वर्षी दोघांच्या बायका बरोबरच फोटोला आल्या. विठूची आनंदी खुर्चीत बसली, मांडीवर मुलगी. मागे लिहायला तिने सांगितलं: "खोकल्याचा औषद सोडू नकात. चेडू चलाक लागला."

सदूची रुक्मिण काही खुर्चीत बसेना. मी म्हटलं, बाई, खुर्ची फोटोसाठीच आहे. ती म्हणाली, "बसान काढलो तर ते म्हणतले, ही सगळो वेळ बसानच आसता." शेवटी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मागे काय लिहू विचारलं तर तेही नको. "लिवान काय जाता? येतले तेवा तोंडान सांगान." असा कोरा फोटो नेणारी त्या हंगामात ती एकटीच.

दिवाळी होऊन गेल्यावर तो पडाव विजयदुर्गच्या बाजूला वादळात सापडला. खाडीत शिरायच्या धडपडीत खडकावर गेला आणि फुटला. बाकीच्यांना तिथल्या कोळ्यांनी बाहेर काढलं; विठू आणि सदू सापडले नाहीत. वाडीत दोन घरांच्या चुली थंड. आनंदी आणि रुक्मिण दिवस दिवस विहिरीवर नुसत्या बसून राहतात, असं येणारेजाणारे सांगायचे. मग देवगडच्या खाली किनाऱ्याला एक प्रेत लागलं. फार दिवस पाण्यात राहिलेलं, ओळख पटण्यासारखं काही उरलं नव्हतं, अंगलटसुद्धा. पोलिसांनी पंचनामा करून तिथेच दहन केलं. कमरेला मेणकापडाची पुरचुंडी मिळाली, तिच्यात फोटो होता आणि त्यावर मी मजकुराखाली मारायचो तो माझ्या स्टुडिओचा शिक्का.

तो फोटो घेऊन हवालदार माझ्याकडे आले. ते साताऱ्याकडचे, शांत गृहस्थ. त्यांनी वाडीत निरोप धाडून दोन्ही घरच्यांना स्टुडिओतच बोलावलं होतं, कारण वाडीत जाऊन हे काम करायचा त्यांना धीर नव्हता, असं त्यांनी मला स्पष्टच सांगितलं. आनंदीबरोबर तिचा सासरा अप्पा आला. अप्पा उमेदीत स्वतः पडावाचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. रुक्मिणीची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती एकटीच आली. दोघी बाकावर बसल्या, एकमेकींचा हात धरून. त्या बाकावर मी इतक्या नवऱ्या बसलेल्या पाहिल्या आहेत. त्या दिवशी मला तिकडे बघवेना.

हवालदारांनी टेबलावर मेणकापड उलगडलं. फोटो वाळून कडक झाला होता. एका बाजूला नुसता जांभळट, तपकिरी डाग. हवालदार म्हणाले, "चित्र पार धुपून गेलंय. लिहिलेलं तेवढं राहिलंय." दुसऱ्या बाजूला माझं अक्षर होतं, ओलीने गडद झालेलं आणि थोडं पसरलेलं. मी पहिला शब्द वाचला आणि मला कळलं. मला ते मोठ्याने वाचता येईना, म्हणून हवालदारांनीच वाचलं, घाटावरच्या उच्चारात, अडखळत. खोकल्याचं औषध. मुलगी चालायला लागली.

आनंदीने दोन्ही हात पदराखाली घेतले, काकणं कुणाला दिसू नयेत तसे.

अप्पा उभा राहिला. "तो माझो झील. लिवा साहेब." त्याला घरी जायची घाई झाली होती. पोराला अग्नी परक्यांनी दिला, निदान पाणी तरी आपल्या हातचं वेळेवर मिळू दे, आजच सुरुवात करतो, असं तो हवालदारांना सांगत होता. सुरुवात म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. घरी पोचल्यावर पहिलं आनंदीचं कुंकू पुसलं जाणार होतं.

हवालदारांनी मला विचारलं, अक्षर कोणाचं आणि मजकूर कोणी सांगितला? मी खरं ते सांगितलं: अक्षर माझं, मजकूर हिचा. एवढं सांगितलं की एका बाईचं सौभाग्य संपतं, हे मी फोटोचा धंदा सुरू केला तेव्हा कोणी मला सांगितलं नव्हतं. माझा जबाब लिहून झाला. सही करण्याआधी पुन्हा एकदा खात्री करावी म्हणून मी फोटो उचलला. आणि बोटांना तो जड लागला.

मी रोज त्याच कागदावर फोटो छापत होतो. त्याची जाडी माझ्या बोटांना पाठ होती. हा जवळजवळ दुप्पट होता. कड नखाने चाचपली तेव्हा मध्ये एक बारीक रेघ लागली. मी डागाची बाजू उजेडात तिरकी धरली. फोटोच्या पुढच्या अंगाला चकाकी असते, चित्र ज्यात उमटतं तो सरसाचा थर गेला तरी त्याची काही खूण राहते. इथे नुसता कागद होता. म्हणजे ती धुपलेली पुढची बाजू नव्हतीच. तीही एक पाठच होती. दोन फोटो तोंडाला तोंड लावून ठेवलेले, चेहरे जपावेत म्हणून, आणि आतला सरस भिजून वाळल्यावर एकमेकांना चिकटलेले.

मी म्हटलं, "हवालदारसाहेब, थांबा. आत चेहरे आहेत."

सोडवायचे तर पाण्यात घालावे लागणार, आणि पाण्यात घातले की पेन्सिलीचा मजकूर विरघळणार. चेहरे निघतीलच याची खात्री नाही. सरस सुटून दोन्हीही जातील. मी हे सगळं खरं खरं सांगितलं. हवालदार विचारात पडले. हा मुद्देमाल, उद्या साहेबांना काय दाखवू? अप्पाने तर माझं मनगटच धरलं. "पाण्यात घालू नकात, मास्तरानू. दर्यान ठेवल्यान ता तुमी घालवशात." मुलाची म्हणून एवढी एकच वस्तू त्याच्यापुढे होती, आणि मी ती पाण्यात घालायला निघालो होतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तेव्हा बाकावरून आनंदी म्हणाली, "घाला पाण्यात."

सासऱ्यासमोर तिला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. अप्पाने माझा हात सोडला. हवालदारांनी मजकूर शब्दन् शब्द उतरून घेतला, खाली माझी सही आणि अप्पाचा अंगठा घेतला, आणि मान हलवली.

मी ट्रेमध्ये विहिरीचं गार पाणी ओतलं, त्यात तुरटी घातली. तुरटीने सरस घट्ट राहतो. फोटो पाण्यात सोडला. थोड्या वेळाने अक्षरांतून जांभळे धागे सुटून पाण्यात तरंगायला लागले. 'खोकल्याचा' गेलं, मग 'औषद' गेलं. मी तिथे उभा राहून माझंच लिहिलेलं विरघळताना बघत होतो. घाई केली असती तर कागद फाटला असता. कौलांच्या काचांतून पडलेला उन्हाचा तुकडा ट्रेवरून सरकत भिंतीकडे चालला होता. एकदा अप्पाने विचारलं, झालं का? मी नाही म्हटलं.

शेवटी एक कोपरा सुटला. मी पाण्याखालीच, बोटाच्या पेराने, केसाएवढं केसाएवढं करत दोन्ही फोटो अलग केले. मध्ये एके ठिकाणी सरस ओढला गेला, आणि आनंदीच्या फोटोतल्या मुलीचा गाल निघून समोरच्या फोटोवर बसला. पण चेहरे होते. एकीकडे खुर्चीत आनंदी, मांडीवर मुलगी. दुसरीकडे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली रुक्मिण. आनंदीच्या मुलीचा गाल तिच्या लुगड्याच्या निऱ्यांवर येऊन बसलेला.

हवालदारांनी ट्रेमध्ये वाकून बघितलं, मग बाकाकडे बघितलं. "म्हणजे दोघांचेही फोटो एकाच्याच कमरेला," ते म्हणाले. "मग मयत दोघांपैकी कोणीही असू शकतो. मी 'ओळख पटली नाही' असं लिहितो."

मला हायसं वाटलं. दोन्ही घरांत आशा राहिली, दोघींची कुंकवं राहिली. कागदावर तेच बरोबर होतं. पण अप्पा ऐकेना. त्याच्या मनाने एकदा घेतलं ते घेतलं. माझ्या मुलाचा फोटो ज्याच्या कमरेला तो माझाच मुलगा, तुम्ही काय लिहायचं ते लिहा, मी घरी जाऊन करायचं ते करतो, असं म्हणून त्याने सुनेला उठायची खूण केली. आनंदी उठली.

रुक्मिण बसूनच होती. तिने आनंदीचा हात ओढून तिला खाली बसवलं.

"अप्पानू, तो तुमचो झील न्हय," ती म्हणाली. "तुमच्या झिलाक पोवाक येय नाय. पोवाक येय नाय तो आपला काय ता पोवणाऱ्याच्या कमराक बांदता. पोवणारो कोणाक कित्याक देतलो?"

मला ही रीत माहीत नव्हती. पडाव बुडायला लागला की ज्याला पोहता येत नाही तो आपली पुरचुंडी पोहणाऱ्याच्या हवाली करतो, घरी पोचव म्हणून. मला नव्हती, पण अप्पा जन्मभर पडावावर होता. त्याला ती माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. दुःखात सुचली नव्हती एवढंच. तो रुक्मिणीकडे बघत राहिला आणि मग हळूहळू जमिनीवरच बसला.

ती गप्प बसली असती तर? हवालदारांनी ओळख पटली नाही असंच लिहिलं असतं. अंग मिळाल्याशिवाय तिचं कुंकू कोणी पुसलं नसतं, बारा बारा वर्षं वाट बघायची आमच्याकडे रीत आहे. सगळं तिच्या हातात होतं आणि तिने ते तिथेच, माझ्या बाकावर, सोडून दिलं. हवालदारांनी हलक्या आवाजात मयताचं नाव विचारलं. तिने अप्पाकडे बघितलं आणि अप्पाने नाव सांगितलं. मग तिने आपला हात आनंदीच्या हातातून सोडवून घेतला आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला.

शिमग्याच्या आधी विठू मुंबईहून बोटीने परत आला. मोडलेल्या डोलकाठीला धरून तो वाहवत गेला होता, उत्तरेकडे जाणाऱ्या एका गलबताने उचललं, वेरावळला नेऊन टाकलं, तिथे तापाने फणफणला, शुद्ध आली तेव्हा कोणाला काय सांगायचं तेही धड आठवेना. ज्याला पोहता येत नव्हतं तो काठीला चिकटून राहिला म्हणून वाचला. ज्याला येत होतं तो काठ गाठायला निघाला. विठू स्टुडिओत येऊन बाकावर बसला आणि बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, पडाव कलंडला तेव्हा सदूनेच 'आण इकडे' म्हणून फोटो मागून घेतला. "माका म्हणालो, हाड हंय. तू बुडलस तर तो भिजतलो." तसल्या वेळीही त्याने विठूला हसवलं होतं.

वर्षश्राद्ध झाल्यावर रुक्मिण एकटीच स्टुडिओत आली. पोलिसांनी फोटो परत दिले होते आणि मी ते टिपकागदात दाबून वाळवून ठेवले होते. मी म्हटलं, निऱ्यांवर तो मुलीचा गाल चिकटलाय, तेवढा खरवडून रंग भरून देतो, कळणारही नाही. तिने फोटो खिडकीपाशी नेऊन बघितला. "ऱ्हवांदे," ती म्हणाली.

मग तिने तो उलटा करून माझ्यापुढे ठेवला. पाठ डागाळलेली होती, पण अक्षर एकही नव्हतं.

"लिवा, मास्तरानू."

"काय लिवू?"

"तेंचा नाव."

मी सवयीने दाराकडे बघितलं, नाव सांगायला बरोबर कोण आलंय म्हणून. कोणी नव्हतं. तिने माझ्याकडे सरळ बघून सांगितलं, "सदाशिव." आम्ही सगळे त्याला सदू म्हणायचो. ते पूर्ण नाव तिने लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल, ते आता.

"पाण्यान जाऊचा नाय असा लिवा," ती म्हणाली.

मी जांभळी पेन्सिल खाली ठेवली आणि फोटोंवरचे डाग बुजवायची, पाण्याने न जाणारी काळी शाई काढली. ती लवकर वाळत नाही, थांबावं लागेल असं तिला सांगितलं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि पडद्यापुढच्या त्या खुर्चीत जाऊन बसली.